गुरुदत्तचं 'चालेल'

मेलबर्नमधल्या आमच्या पॉइंट कुकात मुलांना शाळेत सोडायलाही लोक रणगाड्याएवढ्या गाड्या काढतात. मला या प्रकाराची मनस्वी चीड आहे. मी कॉम्प्युटरवाला माणूस, छोट्या गाडीतून स्टेशनपर्यंत जाणारा आणि बॉनेट उघडायची वेळ आली तर शेजाऱ्याला हाक मारणारा. तो शेजारी म्हणजे गुरुदत्त टिपणीस. त्याचं अख्खं आयुष्य गाड्यांच्या पोटाखाली गेलं. आमचं जमलं ते बहुधा त्यालाही त्या रणगाड्यांची चीड होती म्हणून.

गुरुदत्त मूळचा चिंचवडचा. तिकडे ट्रकच्या कारखान्यात चौदा वर्षं काढली आणि मग स्किल्ड व्हिसावर बायकोला, मंजिरीला घेऊन मेलबर्नला आला. इथे त्याचं काम होतं लोकांनी बदल केलेल्या गाड्या तपासायचं. कोणी गाडी उंच करून घेतो, कोणी अवाढव्य टायर घालतो, कोणी मागे पलंग ठोकतो. ही गाडी रस्त्यावर आणायला हरकत नाही, असा दाखला गुरुदत्तच्या सहीने मिळायचा. म्हणजे बहुतेकांना तो मिळायचा नाही. घरीही हा गृहस्थ तसाच. मंजिरीने नवीन पडदे आणले तर रंग बघायच्या आधी हा दांडी किती वजन पेलेल ते विचारणार. आमच्या मंडळाच्या गणपतीला मुलांनी मोठ्या हौसेने मखर केलं होतं, ते त्याने दोन्ही हातांनी हलवून बघितलं आणि आदल्या दिवशी उतरवायला लावलं. तेव्हापासून मी त्याचं नाव 'नन्नाचा पाढा' ठेवलं. ते सगळ्यांनी उचललं. तोही हसायचा.

त्याचा जिवलग मित्र संजीव मात्र त्याच्या अगदी उलट. दोघं चिंचवडला शाळेत एका बाकावर बसणारे. संजीव भूल देणारा डॉक्टर, शहराच्या दुसऱ्या टोकाला ग्लेन वेव्हर्लीत राहायचा. त्याला नाही म्हणता यायचं नाही, स्वतःला तर मुळीच नाही. छप्पन्नाव्या वर्षी त्याने एक भलीमोठी अमेरिकन पिकअप घेतली. मागच्या बाजूला डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन, अशी जोडीजोडीने चाकं असलेली. त्यावर झोपायची केबिन चढवायची आणि ॲडलेडच्याही पलीकडे, फ्लिंडर्स रेंजेसच्या डोंगरांतल्या दगडधोंड्यांतून महिनाभर हिंडायचं, हे त्याचं स्वप्न. बायको श्यामला फार्मसीत नोकरीला. तिला बुधवारच्या आधी सुट्टी मिळत नव्हती, म्हणून ती विमानाने ॲडलेडला जाऊन त्याला गाठणार होती.

निघायच्या आधीच्या शनिवारी आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, तो गाडी घेऊन गुरुदत्तच्या ड्राइव्ह-वेत आला. नवे टायर घातले होते, खडकाळ रस्त्यांचे, उंच आणि रुंद. मीही कुंपणावरून डोकावलो आणि मग पलीकडेच गेलो. मंजिरीने कॉफी आणि चकल्या आणल्या. सगळे मजेत होतो. गुरुदत्त मात्र मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता आणि जोडीतल्या दोन टायरांच्या मधल्या फटीत पोलादी पट्टी सरकवून बघत होता.

"संजीव, यात माझी करंगळीसुद्धा नीट जात नाही," तो म्हणाला. "आत्ता गाडी रिकामी आहे. उद्या वर केबिन येईल, पाणी, सामान. वजनाने टायर खाली फुगणार आणि एकमेकांना घासणार. घासले की तापणार. मधे स्पेसर घालायला हवेत."

स्पेसर म्हणजे दोन चाकांमध्ये अंतर ठेवणारी जाड चकती, एवढं मलाही कळलं.

"टायरवाला पण सेम म्हणाला," संजीव म्हणाला. "ऑर्डर केलेत, थ्री वीक्स लागणार. माझी लीव्ह मंडेपासून आहे, गुरू, परत मिळणार नाही. हवा जरा जास्त भरतो, स्लो जातो. आणि जोडीने राहायचं म्हटलं की थोडं घासायचंच ना?"

आम्ही सगळे हसलो. मंजिरीही हसली. गुरुदत्त उठला नाही. तो पुन्हा पट्टी घालून बघायला लागला, तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अरे गुरू, आज तरी तुझ्या नन्नाच्या पाढ्याला सुट्टी दे. इतक्या वर्षांनी माणूस हौस करतोय."

संजीवने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊन येतो ना रे. चालेल ना?"

गुरुदत्तने फडक्याला हात पुसले. माझ्याकडे बघितलं, संजीवकडे बघितलं आणि म्हणाला, "चालेल."

हा आपला फार सोयीचा शब्द आहे. आणखी चहा घेणार का? चालेल. रविवारी या जेवायला. चालेल. त्यात होकार असतो, पण तो मनापासूनचा असेलच असं नाही. वाद मिटवायला, चारचौघांत वाईटपणा नको म्हणूनही आपण चालेल म्हणतो. गुरुदत्त कामाच्या बाबतीत हा शब्द कधी वापरत नसे. कोणी म्हणालं तर विचारायचा, "किती चालेल? कुठपर्यंत चालेल?" त्या दिवशी त्याने तो वापरला, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

सोमवारी दुपारी, ॲडलेडच्या वाटेवर बॉर्डरटाउनच्या पुढे, सरळ, गुळगुळीत हायवेवर मागच्या डाव्या जोडीतला आतला टायर फुटला. बाहेरचाही घासून पातळ झाला होता, तो लगेच गेला. केबिनच्या वजनाने गाडी कलंडली आणि रस्त्याखाली जाऊन उलटली. संजीव जागच्या जागी गेला. दगडधोंड्यांचा रस्ता अजून शेकडो किलोमीटर लांब होता.

चौकशी झाली, पण फार नाही. टायरवाल्याने पावतीवरच लिहून दिलं होतं की स्पेसर बसेपर्यंत गाडीवर वजन घालू नये. म्हणजे चूक संजीवची, असा निकाल लागला. गुरुदत्तला कोणी विचारलंच नाही. तो आपणहून पोलीस स्टेशनात गेला. सोबत मी होतो. तरुण कॉन्स्टेबलने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेट, तू काही साइन केलं होतंस का?" गुरुदत्त म्हणाला, नाही. "देन यू आर राइट, मेट," कॉन्स्टेबल म्हणाला. इथे त्याचा अर्थ एवढाच की काळजी करू नकोस. गुरुदत्त मात्र कोणी तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. चालेल या शब्दाला इंग्रजीत काय म्हणायचं, हे तो मला परतताना दोनदा विचारत होता.

पुढच्या महिन्यात त्याने दाखले द्यायचं काम सोडलं आणि एका गोदामात हिशोब ठेवायची नोकरी धरली. गाडी चालवणंही सोडलं. दर दुसऱ्या रविवारी मी त्याला ग्लेन वेव्हर्लीला न्यायचो. तो श्यामलाच्या घरचा नळ बघायचा, गवत कापायचा, पन्हाळीतली पानं काढायचा. ती चहा करायची. तो आपलं ते 'चालेल' तिला सांगायचं ठरवून जायचा आणि न सांगता परत यायचा. परतताना वेस्ट गेट ब्रिजवर आलो की म्हणायचा, "आज नाही जमलं रे, राघव." मला त्याचा राग यायचा. खरं सांगायचं तर मला माझाच राग यायचा, पण गाडीत शेजारी तो असायचा.

एक गोष्ट आम्हा दोघांनाही खटकायची. श्यामलाने संजीवचा एकही फोटो बाहेर ठेवला नव्हता. त्याचं नाव निघालं की ती विषय बदलायची. मंजिरी म्हणायची, दुःख गोठलंय तिचं. आम्ही मान डोलवायचो.

वर्ष पुरं व्हायला तीन आठवडे होते. त्या रविवारी गुरुदत्तने चहाला हात लावला नाही. मी सोफ्यावर, तो समोरच्या खुर्चीत, श्यामला स्वयंपाकघराच्या दाराशी उभी.

"श्यामला, ते टायर मी बघितले होते," तो म्हणाला. "आदल्या शनिवारी. मला दिसलं होतं की नाही टिकणार. त्याने विचारलं आणि मी चालेल म्हणालो."

तिने विचारलं, "तू म्हणालास? तुझ्या तोंडाने?"

"हो."

"चालेल, असंच?"

"असंच."

श्यामला खाली बसली, तिथेच, जमिनीवर. मला वाटलं आता ती ओरडेल. ती हळू आवाजात बोलायला लागली.

"तो निघाला त्या दिवशी सकाळी मी त्याला विचारलं, स्पेसर आले का? तो म्हणाला, गुरू चालेल म्हणाला. मी म्हटलं, खोटं बोलतोस. गुरू असं कधीच म्हणणार नाही. आयुष्यभर तो तुझं नाव पुढे करत आला, सोफा घेतला तरी गुरूने पास केलाय म्हणायचा. मला वाटलं हेही तसंच. मी दार लावून घेतलं. बाय पण केलं नाही. वर्षभर मी त्याच्यावर चिडून आहे, गुरू. जाता जाता माझ्याशी खोटं बोलला म्हणून. त्याचं तोंड बघवत नव्हतं मला फोटोत. सगळे फोटो खणात टाकले."

गुरुदत्त रडत होता. त्याने मान वर केली नाही. मी त्याला चिडवलं होतं, हे त्याने सांगितलं नाही आणि मलाही तोंड उघडायचा धीर झाला नाही. माझी ती दोन वाक्यं मी आज इथे लिहितो आहे, श्यामलाला अजून सांगितलेली नाहीत.

"तो खरं बोलत होता," ती म्हणाली. हे ती आम्हाला सांगत नव्हती.

गुरुदत्त उठून तिच्यासमोर उभा राहिला. "मला काय बोलायचं ते बोल, श्यामला. मी ऐकून घेईन."

तिने डोळे पुसले आणि भिंतीला धरून उठली.

"तुझ्यावर मी नंतर रागावेन, गुरू. खूप रागावेन. आज तुम्ही दोघं जा. आज मला त्याच्याजवळ बसायचंय."

ती बेडरूममध्ये गेली. कपाटाचा खण उघडल्याचा आवाज आला. आम्ही बाहेरचं दार हळू ओढून घेतलं.