मालिंदीचा पुढचा रविवार

लग्नानंतर आई तीन वर्षं केनियातल्या मालिंदीला राहिली आणि तिथलं काहीही न बघता परत आली. बाबा तिथल्या शाळेत गणित शिकवायचे. रविवार आला की पेपर तपासायला घ्यायचे आणि म्हणायचे, पुढच्या रविवारी नक्की. शेजारची गुजराती बाई मात्र नवऱ्याबरोबर सगळीकडे हिंडून यायची आणि संध्याकाळी आईला सांगत बसायची. ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की प्रवाळांपर्यंत चालत जाता येतं. साबाकी नदीच्या मुखाशी फ्लेमिंगो उतरतात. मराफाची लाल घळ सूर्य मावळताना पेटल्यासारखी दिसते. आई हे मला स्वतः पाहिल्यासारखं सांगायची आणि मी बाबांवर चिडायचे. ते गेले तरी माझा राग गेला नाही.

म्हणून नेदरलँड्सला नोकरी लागल्यावर मी आईला शब्द दिला, मालिंदी मी दाखवीन. दर उन्हाळ्यात ती तीन महिने माझ्याकडे, बेस्ट नावाच्या गावी यायची. मी चिप बनवण्याच्या यंत्रांवर काम करते, त्यामुळे सहलसुद्धा एक्सेलमध्ये: कुठलं ठिकाण, किती तास, आणि एक रकाना नुसत्या ओहोटीच्या वेळांचा. त्या वेळा मी दरवर्षी नव्याने भरल्या. एकदा मुलीची शाळा बदलली, एकदा डच पासपोर्ट हातात येईपर्यंत थांबू म्हटलं, गेल्या वर्षी मशीन वेळेत पाठवायचं होतं. आई म्हणायची, होईल गं सावकाश. खाण तशी माती, असं तेव्हा मला कुणी म्हटलं असतं तर मी भांडले असते.

यंदा मात्र तिला न सांगता मालिंदीची तिकिटं काढली. विमानतळावर ती व्हीलचेअरवरून बाहेर आली, तेव्हा मला वाटलं, गुडघे दुखत असतील. जेवणं झाल्यावर लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. मराफाचा फोटो, पडदाभर लाल. तिने मान एका बाजूला कलवली, मग दुसऱ्या, आणि छान आहे म्हणाली.

"आई, काय दिसतंय तुला?"

ती म्हणाली, मधोमध काळं दिसतं, कडेकडेचं तेवढं कळतं. गेल्या वर्षीच सुरू झालं होतं. गेलेली नजर परत येत नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगून टाकलंय. मला का नाही कळवलंस, असं विचारलं तर म्हणे, तुझं मशीन जायचं होतं ना.

इथल्या डॉक्टरनेही रिपोर्ट वाचून हळू आवाजात तेच सांगितलं. मला स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती. बाबांनी निदान तीनच वर्षं पुढे ढकललं. मी आठ.

तरी जाऊ या, मी म्हटलं. वारा लागेल, पायाला पाणी लागेल. माझ्याच तोंडचे शब्द मला खोटे वाटत होते.

"तू जाऊन ये," आई म्हणाली. "आल्यावर मला सांग. मला मालिंदी ऐकूनच माहीत आहे."