शेवटच्या गाडीची पुस्तकं

चार दिवस चिकटून बसलेली भुरभुर पहाटे थांबली आणि चहाच्या वेळेला असं लख्ख ऊन पडलं, की शेपूटरावांनी कप अर्धा टाकला आणि पुस्तकं गच्चीवर न्यायला घेतली. कपाटानं दमट वास धरला होता, पुस्तकांना कसर लागली होती. जुनी चादर पसरून त्यांनी एकेक पुस्तक पंख्यासारखं उघडून उभं केलं. सगळी त्यांनीच लिहिलेली. चार पुस्तकं, चारही मोटारींच्या शर्यतींवर.

"जरा मलाही वाळत घाला," जिन्यातून बायकोचा आवाज आला. "गुडघे धरलेत."

"वर ये. जागा आहे."

शेपूट हे नाव वर्तमानपत्राच्या कचेरीनं ठेवलेलं. वय झालं तसं लोकांनी मागं 'राव' जोडलं, शेपूट काही सुटलं नाही. बाकीचे बातमीदार पहिल्या गाडीमागं धावायचे आणि हे शेवटची गाडी येईस्तोवर ठाण मांडून बसायचे, म्हणून शेपूट.

तेही ठरवून झालं नव्हतं. उमेदवारीच्या दिवसांत पहिल्याच शर्यतीला विजेता आला, टाळ्या पडल्या, बातमीदार फोन गाठायला पळाले आणि यांची स्कूटर चालू होईना. लाथा मारून मारून पोटरीला गोळा आला. गर्दी पांगली. झेंडेवाल्यानं शर्यत पुरी झाल्याचा काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा झेंडा गुंडाळून काखेत मारला. झाडूवाला कामाला लागला. तेव्हा कुठं कण्हत कण्हत शेवटची गाडी आली. गिअर दुसऱ्यात अडकला होता, तसल्याच गाडीत गड्यानं शर्यत पुरी केली होती. खाली उतरून त्यानं इकडंतिकडं पाहिलं. टाळी वाजवायला चिटपाखरू नाही, एक माणूस तेवढा स्कूटरशी भांडतोय.

"तिला कशाला बडवताय? प्लग काढा," तो म्हणाला. सदऱ्याच्या टोकानं प्लग पुसला, फुंकर मारली आणि एका लाथेत स्कूटर चालू करून दिली.

बातमी उशिरा पोचली. क्रीडा संपादकांनी आईबाप आठवेपर्यंत झापलं. पण त्या माणसावर लिहिल्याशिवाय यांना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी पत्ता काढून घरी गेले, तर दार बहिणीनं उघडलं.

"दादा झोपलाय. काय विचारायचं ते मला विचारा."

यांनी विचारलं. इतकं विचारलं, की शेवटी लग्नच करावं लागलं. ती अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "रेस हरला दादा आणि बक्षीस पडलं माझ्या गळ्यात."

तेव्हापासून प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी शेवटच्या गाड्यांचा एक भाग आला. कोणाचं इंजिन तापलं, कोणी वळणावर दुसऱ्याला वाट दिली, कोण नुसताच हळू होता. पहिल्या पुस्तकात त्या गुंडाळलेल्या झेंड्याविषयी वाचून झेंडेवाला महिनाभर यांच्याशी बोलला नाही. पण पुढच्या शर्यतीला तो शेवटच्या गाडीपर्यंत झेंडा धरून उभा राहिला. त्याच्या मागून आलेले झेंडेवालेही तसेच उभे राहतात. का, ते आता कोणाला विचारलंत तर ठाऊक नाही.

पुस्तकं मात्र बाजारातून केव्हाच गेली. डोळे मिटायच्या आत एकदा दुकानाच्या काचेत दिसावीत, एवढी एकच हाव शेपूटरावांना उरली होती. आणि आज प्रकाशकाकडची संपादिका येणार होती.

ती आली ती थेट गच्चीवर. चपला काढून पुस्तकांमधून वाट काढत बसली.

"सर, चारही पुस्तकांचा एक जाडजूड ग्रंथ करायचाय. रंगीत फोटो, गुळगुळीत कागद."

शेपूटरावांचे कान लाल झाले. "करा की!"

"फक्त पानं फार होतात. शेवटच्या गाड्यांचे भाग गाळावे लागतील."

शेपूटरावांनी एक पुस्तक उचललं, उगाच झटकलं, परत ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "गाळा. निघतंय ते काय कमी आहे?"

बायको चहा घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी होती.

"म्हणजे माझ्या दादाला गाळताय?"

"अगं, जागा नाही म्हणतायत."

"त्याच्या गॅरेजवर अजून 'दुसरा गिअर' म्हणून हाक मारतात, ती तुमच्यामुळं. आणि त्या दिवशी जिंकलेल्याचं नाव काय हो?"

शेपूटरावांनी डोकं खाजवलं. आठवेना.

"बघा! स्वतः लिहून विसरले."

संपादिका हसली, पण शेपूटरावांच्या डोक्यात चाक फिरलं. "बाई, जिंकलेले कुठंही सापडतील. ते गाळा. नुसत्या शेपट्या छापा."

"अहो सर, आमचे प्रकाशकसाहेब जाड ग्रंथ म्हणतायत."

"साहेबांना फोन लावा."

तिनं लावला. कठड्याशी जाऊन बराच वेळ बोलली. मध्ये एका पुस्तकातलं अर्धं पान वाचून दाखवलं, तेच, प्लग पुसल्याचं. पलीकडून हसण्याचा आवाज इथवर आला. फोन ठेवून ती म्हणाली, "हो म्हणाले. पण पुस्तक बारीक निघेल. रंगीत फोटो नाहीत, कागद साधा, प्रती थोड्या."

"साधाच बरा. गुळगुळीत कागदावर गॅरेजवाल्यांचे हात घसरतात."

"काकू, पहिला भाग दादांचाच ठेवू ना?"

"पहिला?" बायको कप गोळा करत म्हणाली. "जन्मात कधी पहिला आला नाही तो. शेवटी घाला, नाहीतर घाबरेल."

संपादिका प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत पिशवीत घालून उतरली. खाली फाटक वाजलं. शेपूटराव थोडा वेळ नुसते बसून राहिले, ओठांच्या कोपऱ्यात हसू धरून.

"बसलात काय? ऊन फिरलं," बायको जिन्यातून ओरडली.

ते गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि सावलीत गेलेली पुस्तकं उचलून एकेक करून उन्हाकडं सरकवू लागले.