पेटीतला रिकामा खळगा

पाचोऱ्याच्या नानांच्या जिवाला अखेरपर्यंत जो घोर लागून राहिला, तो मी लावलेला होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. नानांना तर नाहीच.

नाना मुंबईला विमान कंपनीत इंजिनिअर होते. आमच्याकडे इंजिनिअर म्हणजे पाटबंधाऱ्याचा, नाहीतर वीज मंडळाचा. त्यामुळे गावात हमखास कोणी तरी विचारायचं, "नाना, तुम्ही विमान चालवता ना?" नाना म्हणत, "नाही. चालवणाऱ्याला चालव म्हणतो." ते खरंच होतं. नानांची सही झाल्याशिवाय विमान हलत नसे.

स्वस्थ बसणं त्यांना कधीच जमलं नाही. लग्नाच्या पंगतीत आधी डोक्यावरचा पंखा निरखायचे आणि मग अक्कांना, म्हणजे बायकोला, दोन पानं पलीकडे सरकायला लावायचे. धुळ्याच्या एस.टी.त बसले की प्रत्येक थांब्याला उतरून टायर बघायचे. एकदा ड्रायव्हर वैतागला, "आबा, गाडी मनी शे, बसा ना." नाना म्हणाले, "गाडी तुनी शे, पन जीव मना शे." गाडी तुझी, पण जीव माझा! सगळी गाडी हसली. तेव्हाची त्यांची चुळबुळ अशी हसण्यावारी जायची.

धुळ्याच्या आयटीआयमधून मी बाहेर पडलो आणि नानांच्या शब्दावर त्यांच्याच हाताखाली हेल्पर म्हणून लागलो. त्यांच्या हत्यारांच्या पेटीत प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खळगा कापलेला होता. काम संपलं की ज्याने त्याने आपलं हत्यार नानांच्या हातात द्यायचं, मग नाना खळग्यांवरून बोट फिरवत जायचे. "विमानात फक्त विमान राहिलं पाहिजे," म्हणायचे. विसरलेलं एखादं हत्यार आत अडकलं तर विमान पडू शकतं.

त्या दिवशी मला आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, घरी जायचं होतं. बहिणी माहेरी आल्या होत्या. माझी घालमेल बघून नाना म्हणाले, "जाय, बहिनी वाट देखत व्हतीन. पेटी मी देखस." मी स्टेशनकडे पळालो. यंत्राच्या आडचं बघायचा लांब दांड्याचा छोटा आरसा माझ्या पँटच्या खिशात राहिला होता. तो सापडला गावी, लिंबाच्या झोक्याखाली. धाकटीने त्यात बघून टिकली नीट केली. "भाऊ, हा काय दात बघायचा आरसा का रे?" मीही हसलो. म्हटलं, गेल्यावर ठेवून देऊ.

परत गेलो तर हँगरमध्ये रान उठलेलं. एक खळगा रिकामा, म्हणून नानांनी सही नाकारली होती. बंद केलेलं विमान पुन्हा उघडलं, शोधलं. प्रवासी खोळंबले, साहेब ओरडले. शेवटी दुसऱ्या इंजिनिअरने सही केली आणि विमान गेलं. आता चौकशी चालू होती. मी अजून कायम झालो नव्हतो. नानांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुनाकडे नई ना रे?"

"नाही नाना."

नाना साहेबांकडे वळले. "माझ्या गावचा आहे. तो खोटं बोलणार नाही."

पुढे मी कायम झालो, तेही त्यांच्याच शिफारशीने.

ते विमान हँगरला आलं की नाना टॉर्च घेऊन त्याच्या पोटात शिरायचे. काम झालं तरी बाहेर यायचे नाहीत. वरचे कंटाळले, त्यांनी नानांना टेबलाचं काम दिलं. मुदतीआधीच नोकरी सोडून नाना पाचोऱ्याला आले. तिथे सकाळच्या बातम्या ऐकल्याशिवाय चहा घेत नसत. आकाशात घरघर झाली की हातातला घास हातातच राही. अक्का म्हणायच्या, "जेवा आता. गेलं ते."

"गेलं. उतरलं का पण?"

दर आखाजीला मी तो आरसा खिशात घालून त्यांच्याकडे जायचो आणि तसाच परत यायचो. एकदा मात्र तोंड उघडलं. "नाना, त्या आरशाचं..." त्यांनी मला थांबवलं. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू कशाला जिवाला लावून घेतोस? तू तर आखाजीला गेला होतास."

मी चहा प्यायलो आणि उठलो.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. दिवसकार्य उरकल्यावर सकाळी अक्कांचा निरोप घ्यायला गेलो. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. अक्कांनी मला हातानेच गप्प बस म्हणून खुणावलं आणि रेडिओचा आवाज वाढवला. बातम्या संपेपर्यंत त्या कपाला शिवल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्यांनी बजावलंय, बातम्या चुकवायच्या नाहीत. त्यांचं एक विमान आहे म्हणे अजून वर."

आरसा माझ्या खिशातच होता. मी त्यांच्या पाया पडलो आणि गाडी गाठली.

तो आरसा त्या विमानात कधीच नव्हता. एवढं एक वाक्य मी नानांना देणं लागत होतो. ते अक्कांना देणं अजून बाकी आहे.