उघड्या धातूवरचं बोट

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार ज्यांचे आहेत, त्यांचं नाव गुरुसिद्धअप्पा भांडेवाले, तेव्हा राहणार उदगीर. त्यांच्या तोंडून मी वारंवार ऐकलेला शब्द होता, "थत्!" त्यांच्या घरात कानडी चालायची, आणि कानडीत किळस आली की माणूस असं म्हणतो. अप्पांना दिवसभर किळस येत असे.

बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन मी जळकोटहून उदगीरला आलो तेव्हा खोली शोधत होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे शिकणारा मी पहिलाच. लोक खोली दाखवायच्या आधी आडनाव विचारत. आडनाव सांगितलं की ती खोली कालच कुणाला तरी दिलेली निघे. एका घरमालकिणीने तर मी अंगणातून बाहेर पडायच्या आत मी उभा होतो त्या पायरीवर बादलीभर पाणी ओतलं. मला अशी शिसारी आली की शिक्षण नको, गाव बरा, असं वाटलं. तशाच मनाने, वर खोली रिकामी आहे असं ऐकून, मी अप्पांच्या भांड्यांच्या दुकानात शिरलो. आडनाव सांगायची तयारी ठेवूनच शिरलो. ते म्हणाले, "हात दाखव."

मी हात पुढे केले.

"थत्! भजे खाऊन आलास. तिथं मोरीत साबण हाय. धू, मग बोल."

इथेही तेच, असं वाटून माझं तोंड कडू झालं. एवढ्यात नांदेडचे एक ठोक व्यापारी आत आले आणि त्यांनी काउंटरच्या काचेवर पंजा टेकवला.

"थत्! शेटजी, पंजा उचला! आत्ताच पुसलंय."

शेटजी निमूट मोरीकडे आले. आम्ही दोघांनी एकाच साबणाने हात धुतले. खोली मला मिळाली.

दुकानाच्या मागे अप्पांचं घर आणि वर दोन खोल्या होत्या. एक माझी. दुसरीत अप्पा विमानं करत. बिदरकडून सरावाची जेट विमानं उदगीरवरून जायची आणि अप्पा गिऱ्हाईक सोडून रस्त्यावर येऊन वर बघायचे. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांची पेटी ते हैदराबादहून मागवत आणि वीतभर लांबीचं जेट जोडत. पण जोडणं म्हणजे त्यांच्या लेखी नुसती तयारी. खरं काम पुढचं. जुन्या काळी बरीच जेट विमानं रंगवत नसत, त्यांचा पत्रा तसाच उघडा उन्हात चमके. तो उघडा धातू अप्पांना हवा असे. आधी ते प्लॅस्टिक पाण्याच्या पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत करत. मग पोळ्या गुंडाळायची पातळ फॉइल नखाएवढ्या तुकड्यांत कापून गोंदाने बसवत आणि कापसाने दाबत राहत. सगळे तुकडे सारखे चमकले तर विमान खोटं वाटतं, म्हणून काही तुकडे धुण्याच्या सोड्यात उकळून करडे करत. शेपटीला, जिथून जाळ निघतो तिथे, लाखेचा पातळ हात देऊन तांबूस करत.

"खाली केस राहिला की वर दोरखंड दिसतंय," ते म्हणत.

मी एकदा भाबडेपणाने विचारलं, "अप्पा, नुसता चंदेरी स्प्रे मारला तर चालणार नाही का?"

त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. "मेलेल्या माणसाच्या तोंडाला पावडर लावलेली बघितलास कधी? तसं दिसतंय ते. रंग लावणाराला कायतरी झाकायचं असतंय."

त्यांना चंदेरी रंगाची फाटकं बघवत नसत. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक बघून ते रस्ता बदलत. लग्नाच्या आहेरातल्या ताटावर देणाऱ्याचं नाव घालायला लोक त्यांच्याकडेच येत, कारण ते मशीन त्यांच्याच दुकानात होतं. "ताट एवढंसं अन् नाव तीन ओळी. थत्!" असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणत ते तिन्ही ओळी सुबक घालून देत.

मी शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा अप्पा एका मिगच्या पंखावर काम करत होते आणि कापसाने घासायचं काम त्यांनी मला दिलं होतं. परीक्षा तोंडावर आली होती. एका दुपारी त्यांचे मेव्हणे राजअप्पा जिना चढून वर आले. दुकान दोघांच्या भागीदारीत होतं, पण इमारत राजअप्पांच्या नावावर. ते दारातच थबकले.

"भावजी, हा पोरगा तुमच्या विमानाला हात लावलालाय. कोणाचा हाय ठाऊक हाय का? खोलीत फोटो कोणाचे लावलाय बघा."

माझ्या खोलीत बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो पहिल्या दिवसापासून होता.

"बघितलाव की," अप्पा म्हणाले. "खिळे मीच दिलो त्याला."

"घरात देव हाय आपल्या. मला तर किळस येलालीय. परीक्षा-बिरीक्षा त्याची तो बघंल. महिना भरला की खोली रिकामी करा."

माझ्या हातातला कापूस तसाच राहिला. उदगीरमध्ये दुसरी खोली मला मिळणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. खोली गेली की परीक्षा गेली, आणि परीक्षा गेली की वडिलांबरोबर वीटभट्टी.

किळस हा शब्द ऐकताच अप्पा उठले. जणू त्यांच्या मालकीची वस्तू कुणी विचारल्याशिवाय उचलली होती. त्यांनी राजअप्पांचं मनगट धरलं आणि त्यांचा अंगठा पंखावर दाबला. फॉइलवर तेलकट ठसा उमटला, रेघ न् रेघ दिसेल असा. मग माझा हात ओढून शेजारी माझा अंगठा दाबला. माझे हात नुकतेच धुतलेले होते. किंचित वाफ धरल्यासारखं झालं आणि विरलं.

"हे बघ. किळस ह्याची येती माणसाला. माझ्या पंखाचं वाटोळं केलास! थत्!"

"थट्टा करू नका भावजी. इमारत माझ्या नावावर हाय."

"मग मलाबी काढ. दोघं मिळून जातो."

राजअप्पा पाय आपटत खाली गेले. मला आनंद झाला नाही. खोलीसाठी माझा अंगठा का तपासला जावा? मी विचारलं, "अप्पा, माझं बोट मळलेलं असतं तर?"

ते पंखावरची फॉइल ब्लेडने खरवडून काढत होते. मान वर न करता म्हणाले, "तर तुलाबी थत् म्हणलो असतो." फॉइलची एक पट्टी निघाल्यावर पुढे म्हणाले, "खोली काढलो नसतो."

अप्पा अडून बसले, म्हणून मी त्याच खोलीतून परीक्षा दिली आणि पास झालो. त्यानंतर भागीदारी मोडली. अप्पांनी आपला हिस्सा घेतला, विमानं गवतात बांधली आणि ते लातूरला मुलीकडे गेले. माझ्यामुळे मोडली असं ते कधी बोलले नाहीत. राजअप्पा मात्र सगळ्या बाजाराला सांगत सुटले, आणि बाजाराने माना डोलावल्या. त्या माना आठवल्या की अजून माझ्याही तोंडून थत् निघतं.

पुढे मी एम.एस्सी., बी.एड. केलं आणि आता कंधारला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. एक गोष्ट मात्र मनात राहून गेली होती. इतक्या दिवसांत अप्पा माझ्या खोलीत कधी पाणीसुद्धा प्यायले नाहीत. ते कुठेच काही घेत नसत. लिंगपूजा करून घरीच जेवत, आणि भावकीच्या लग्नातूनही उपाशी परत येत. तेव्हा ती सवयच असणार, असं मी स्वतःला समजावत आलो. पण आमच्यासारख्याचं मन एवढ्यावर निवांत होत नाही. अप्पा मोबाईल वापरत नाहीत, काचेवर बोटं दिसतात म्हणून. म्हणून परवा त्यांना पत्र पाठवलं. ते असं:

"ती. अप्पांस, सा. न.

मला नोकरी लागली. पहिला पगार आईच्या हातात दिला. तिने विचारलं, ज्यांनी तुला खोली दिली त्यांना आपल्या घरी जेवायला कधी बोलावतोस? मी म्हटलं, ते कुठेच जेवत नाहीत. ती म्हणाली, विचार तरी.

म्हणून विचारतो. रविवारी जळकोटला या. स्टँडवर मी येईन. आमच्याकडे ज्वारीची भाकरी, वरण आणि अंबाडीची भाजी असेल. त्या दिवशी घरात मटण करणार नाही. आईने चूल आणि भांडी कालपासूनच घासायला काढलीत. मी तिला म्हटलं, एवढं घासू नकोस, पण ती ऐकत नाही. तिला असं घासताना बघून मला बरं वाटत नाही, हे तुम्हाला सांगायला हवं.

तुम्ही माझ्यासाठी घर सोडलंत, तेव्हा भाकरीचा हट्ट धरणं कृतघ्नपणा होईल हे मला कळतं. तरी धरतो. आलात तर आमच्या शेजारी बसून जेवा. येणार नसाल तर पोट बिघडलंय असं लिहू नका. खरं कारण लिहा. तुमच्याकडून मी तेवढं ऐकू शकतो.

तुमचा,
मिलिंद"