ट्रॉलीच्या दोरानं चढलेला घाट
ट्रॅक्टरच्या धुराचा वास आला, की मला बीडबाहेरचा तो घाट आठवतो आणि स्वतःचीच शिसारी येते. दर रविवारी आम्ही पोट सुटलेले पाच-सहा जण तंग चड्ड्या घालून तिथं सायकली चढवायचो आणि माथ्यावर जग जिंकल्यासारखे फोटो काढायचो. त्या दिवशी दुसऱ्याच वळणावर माझा दम संपला. बाकीचे पुढं निघून गेले होते. मोठ्या आजारातून उठून पहिल्यांदाच आलेला माझा मित्र तेवढा मागं होता. शेजारून ऊसतोडीला निघालेल्या लोकांचा ट्रॅक्टर रखडत चालला होता. मी गुपचूप ट्रॉलीचा लोंबता दोर धरला. वर शेळ्यांमध्ये बसलेली बाई हसली, "घट धरा सायेब, कारखान्यापतूर चला, कोयता देते!" शेवटच्या वळणावर दोर सोडला आणि वर जाऊन घाम पुसत उभा राहिलो. बऱ्याच वेळानं मित्र आला, एकदाही न उतरता, चेहरा नुसता उजळलेला. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "कशापायी मरतो बे? मी कवाचा आलोय. तुझ्याच्यानं न्हाई होत, इकून टाक सायकल." आठवडाभरात त्यानं ती खरंच विकली. परवा त्यानं आपल्या जावयाला माझी ओळख करून दिली, "ह्यो गडी एका दमात घाट चढतो, लई जिगरीचा हाय." आणि मी निर्लज्जासारखा जावयाला सायकल कोणती घ्यावी ते सांगत बसलो.