राजीनामा मंजूर

"आता आपल्याच्यानं होत न्हाई. नवा माणूस बघा," असं म्हणून अध्यक्ष डोक्यावरची पांढरी टोपी काढायचे आणि अलगद टेबलावर ठेवायचे. झाला राजीनामा! दर साली, वार्षिक सभेत, चहाच्या आधी. मग शिलाईवाले खलीलभाई उठायचे, टोपी परत त्यांच्या डोक्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "काय अध्यक्ष, चहा थंडा होऊन राह्यला." सगळे हसायचे आणि सभा संपायची. असा राजीनामेवाला तुमच्याही गावात असेल. नसेल तर गावाचं नाव कळवा, मी येऊन बघते.

आष्टीतल्या आमच्या मंडळाचं खरं नाव हातभर लांब होतं, पण ते फक्त पाटीवर. गाव म्हणायचं भांडीमंडळ. कुणाकडे लग्न असो, बारसं असो, दावत असो, मंडळाची मोठाली पातेली, पराती, झारे फुकट न्यायचे. अट एकच, परत देताना लख्ख घासलेलं पाहिजे.

परत आलेल्या पातेल्यात अध्यक्ष आधी हात फिरवायचे, मग डोकंच आत घालायचे आणि आतूनच निकाल द्यायचे. "वांग्याची भाजी होती. तेल जास्त पडलं. पुन्हा घासा." सरपंचांच्या घरचं पातेलंसुद्धा त्यांनी भर चौकातून माघारी धाडलं होतं. दावतीची, मटण शिजवायची देग ते वेगळी ठेवायचे. त्यावरून कुणी वाकडं बोललंच तर म्हणायचे, "भांड्याला जात नसती, वास असतो. उद्या त्याच्यात बासुंदी केली तर खाशील का?" खलीलभाई सगळ्यांत जास्त हसायचे.

पण खरं सांगते, मंडळ पेंगायला लागलं होतं. किल्ली एकच, ती अध्यक्षांच्या कमरेला. कुठलं भांडं कुणाकडे गेलंय ते फक्त त्यांच्या डोक्यात. ते शेतात गेले की लग्नघरची माणसं कुलपाकडे बघत बसायची, नाहीतर मंडपवाल्याकडून भाड्याची भांडी आणायची. कुणी काही नवीन सुचवलं की उत्तर ठरलेलं, "बघू पुढच्या साली."

अशात नव्वदच्या आसपास मी शाळेत बदलून आले. अक्षर चांगलं म्हणून मला सभेचं इतिवृत्त लिहायला बसवलं. माझी पहिलीच सभा, आणि नेमके त्याच दिवशी खलीलभाई लेकीकडे परतूरला गेलेले!

अध्यक्षांनी टोपी काढली. "आता आपल्याच्यानं होत न्हाई." टोपी टेबलावर गेली. कुणी उठेना. टोपी परत ठेवायचं काम खलीलभाईंचं, दुसऱ्यानं कशी ठेवावी? मला बाईला यातलं काय माहीत! मला वाटलं, म्हातारा माणूस थकून सोडून चाललाय आणि हे मेले साधे आभारही मानत नाहीत. मी उठले. शाळेत निरोपाला बोलतात तसं झकास बोलले. निःस्वार्थ सेवा, गावाचं भाग्य, सगळं आलं त्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे भाषण संपलं की टाळ्या वाजतात, कशाबद्दल ते कोण बघतं? मी लिहिलं, 'राजीनामा सर्वानुमते मंजूर', आणि वर ते ठणठणीत आवाजात वाचूनही दाखवलं.

तेव्हा कुठे सगळ्यांचे चेहरे बघितले आणि आपण भलतंच काही करून बसलोय हे कळलं.

अध्यक्षांनी टेबलावरची टोपी जवळ ओढली. मग म्हणाले, "बराबर आहे. मंजूर म्हणजे मंजूर. आता ह्या बाईंनाच करा अध्यक्ष." कमरेची किल्ली सोडून त्यांनी वहीवर ठेवली, टोपी स्वतःच्या हातानं घातली आणि चहा न घेता निघून गेले.

गावभर बोभाटा. खलीलभाईंनी तर कपाळच बडवलं. "या अल्ला! बाई, दोन दिवस गेल्तो, तर तुम्ही अध्यक्षच उतरवला!"

आठ दिवस अध्यक्ष चौकात दिसले नाहीत. मला अन्न गोड लागेना. काल आलेली मी, आणि एका म्हाताऱ्या माणसाचं सगळं काढून घेऊन बसले होते. नवव्या दिवशी किल्ली घेऊन त्यांच्या घरी गेले. ते अंगणात दोरी वळत होते. मी म्हटलं, "अध्यक्ष, माझी चूक झाली. मला रीत माहीत नव्हती. ही घ्या किल्ली."

ते खळखळून हसले. "अहो बाई, बारा सालं बोंबलून राह्यलो, नवा माणूस बघा म्हणून. कुणी ऐकलं न्हाई. तुम्ही पहिल्या ऐकणाऱ्या! आता कुठं मोकळा झालो. बिलकुल परत घेणार न्हाई." आणि आत बघून ओरडले, "अगं, अध्यक्ष आल्यात, च्या टाक!"

मी उड्या मारत घरी आले म्हणा ना!

मग काय, मी कामाला लागले. तीन किल्ल्या केल्या, तीन घरी ठेवल्या. भांडी घासणाऱ्या बायकांना मंडळात घेतलं. त्यातली एक पहिल्याच सभेत कडाडली, "पातेलं उचलून कंबर गेली, पण कड्या लावायचं कुणाला सुचलं न्हाई!" आम्ही कड्या लावल्या. तांड्यावरची लग्नंही आमच्याकडे यायला लागली, आणि वर्षाच्या आत मंडपवाला माझ्याशी बोलेनासा झाला. अध्यक्ष रोज सकाळी येऊन पायरीवर बसायचे. खुर्ची दिली तर म्हणायचे, "तिथं अध्यक्ष बसतात." डोकं आत घालून वास घ्यायचं खातं मात्र शेवटपर्यंत त्यांच्याकडेच होतं. मला त्यातलं अजूनही जमत नाही.

पुढे दहाएक वर्षांनी, एका उन्हाळ्यात ते गेले. तेरावं झाल्यावर मी काकूंकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे, जाऊन बसले. त्या मला लेकीसारखं अगं-तुगं करायच्या. बोलता बोलता मी म्हटलं, "काकू, एक बरं झालं बघा. माझ्या चुकीनं का होईना, अध्यक्ष वेळेवर मोकळे झाले."

काकूंनी मान हलवली.

"खोटं बोलले ते तुला. सभेतून आल्ते अन् ताट तसंच सारलं. आठ दिवस धड जेवले न्हाईत. भिंतीकडं तोंड करून पडायचे. तू दारात दिसली, तशी घाईघाईनं दोरी घेऊन बसले."

काकू पुढे सांगू लागल्या.

"तू गेल्यावर मी म्हणलं, घ्यायची होती की किल्ली, ती देत होती तर. मंग म्हणले, मी घेतली तर मंडळ माझ्यासंगंच मरंल. पोरगी बराबर करंल. पण तिला कधी सांगू नको, कळलं तर ती सोडून देईल."

मी काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. चांगली हुंदके देऊन रडले. त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. बऱ्याच वेळानं मी विचारलं, "मग काकू, आज का सांगितलं?"

काकू म्हणाल्या, "आता तू सोडत न्हाईस."