काचघराला पऱ्हाटीचं उत्तर

त्या बाईवर सूड उगवायचा, हे यवतमाळला नांदायला आले त्या पहिल्याच महिन्यात मी ठरवलं होतं. पुढं कित्येक वर्षं तो राग मी विझू दिला नाही.

ती आमची शेजारीण, एका बड्या ठेकेदाराची बायको. छप्पन साली मी नवी नवरी होते, तेव्हा तिनं मला हळदीकुंकवाला बोलावलं. बायका बागेत बसल्या होत्या. मी फाटकाशीच चपला काढल्या आणि अनवाणी आत गेले. माझं माहेर कळंबकडचं, पानमळ्याचं. विड्याच्या पानांच्या मळ्यात आमच्याकडं कुणी पायताण घालून शिरत नाही, वेल रुसते म्हणतात. लहानपणापासूनची सवय ती, झाडं दिसली की चपला निघायच्याच.

"अवं, हे काय देऊळ हाय काय?" ती म्हणाली. मी भाबडेपणानं मळ्याचं सांगितलं. "म्हंजे पानवाल्याची पोरगी होय तू!" हे तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं आणि सगळ्या जणी खिदळल्या. तेव्हापासून आळीत कुठंही गेले की कुणीतरी विचारायचंच, "चपला काढल्या काय वं?" माझी तीच ओळख होऊन बसली. आमच्या घरी चुलीपाशी बसून मी रडायचे, आणि रडून झालं की तिला शिव्या द्यायचे.

साठनंतर तिनं बागेत काचघर बांधलं. नागपूरच्या काचा, लोखंडी सांगाडा आणि आत चिखलदऱ्याहून आणलेले झालरीसारख्या पानांचे नेचे. हिवाळ्यात ते इतकं देखणं दिसायचं की माझा नुसता जळफळाट व्हायचा. आमचे हे मास्तर, त्यांनाही झाडांचा नाद. ते म्हणाले, "एका पडक्या बंगल्याच्या खिडक्या भेटून राह्यल्या. आपणबी काचेचंच करू."

"काच नको. पऱ्हाटीचं करा."

"लोक हासतीन ना वं! तिच्या काचघरासमोर आपली झोपडी?"

"हासू द्या. आपला उन्हाळा काचेत कोंडून काय वांगे शिजवाचे हायेत?"

यांना पटलं नाही, पण माझ्यापुढं त्यांचं चाललंही नाही. कापूस वेचून झालेल्या शेतातली वाळकी पऱ्हाटी आणून मी चारी बाजूंनी कूड घातला, वर गवत पसरलं, खाली वाळू. माहेरच्या विहिरीच्या दगडांतून नेचे उपटून आणले. कुडावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपायचं, बस. अगदी आमच्या पानमळ्यासारखं.

"गोठा बांधला काय?" शेजारणीनं कुंपणावरून विचारलं. मग होळीच्या सुमारास पुन्हा आली. "काचघराचं दार उन्हाळाभर बंदच ठेवतो, म्हंजे गरम हवा आत नाही येणार. बरोबर ना?"

काय होणार ते मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, "तुम्हाले मी काय सांगू बाई? मी पानवाल्याची पोरगी."

वैशाखात तिचे नेचे बंद काचेआड उकडून काळे पडले. मी कुंपणावरून डोळे भरून पाहिलं आणि पुरण शिजत घातलं. "आज कोन्ता सण हाय?" यांनी विचारलं. मी वाढत राहिले.

आमच्या पऱ्हाटीच्या मांडवात मात्र गारवा होता. आळीतल्या बायका दुपारी तिथंच येऊन टेकायच्या. चपला बाहेर काढून यायचं, हा माझा नियम. कुणीही कुरकुर केली नाही.

अशाच एका रणरणत्या दुपारी शेजारीण आली. तिच्या मुलीला पाहायला संध्याकाळी मोठ्या घरचे पाहुणे यायचे होते आणि काचघराची बढाई आधीच मारून झाली होती. "दोन-चार कुंड्या दे वं नेच्याच्या," म्हणत तिनं उंबऱ्यात पाय ठेवला.

"चपला बाहेर," मी म्हटलं.

तिनं आत बसलेल्या बायकांकडं पाहिलं. त्या हळदीकुंकवातल्याच होत्या बहुतेक. ती मागं सरली, वाकून सँडलचे पट्टे सोडू लागली. बाहेरची फरशी तापलेली होती, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर असं तिचं चाललं होतं. मी मुद्दाम कुंड्या सावकाश निवडल्या. सगळ्यात टवटवीत चार काढल्या, कंजूषपणा केला नाही.

ती अनवाणी आत आली. कुंडी तिच्या हातात देत मी विचारलं, "चपला काढल्या काय वं?"

सगळ्या जणी खिदळल्या.